अठ्ठावीस मिलिमीटर

दिवसा मी दात करतो,
सदरला, जिन्याखालच्या लॅबमध्ये,
दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे समोर मांडून.
रात्री त्याच दिव्याखाली, त्याच भिंगातून
सैनिक.

मे महिन्यात रंग टिकत नाही.
बाटलीपासून पागोट्यापर्यंत जाईस्तोवर
थेंब ब्रशच्या टोकावरच सुकतो.
म्हणून डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर,
आणि कूलरचं तोंड भिंतीकडे.
सरळ सोडला तर घोडेस्वार आडवे होतात
लढाईच्या आधीच.

पुष्पशीला दारातून म्हणते,
"बारा वाजले ना बाप्पा, काय करून राहिले?"
टाके घालून राहिलो.
खरंच, एका म्यानाच्या पट्ट्यावर
शिवणीचे सात ठिपके.

दिवाळीनंतर सीताबर्डीची लढाई करायची आहे,
हेडाऊ सरांच्या गच्चीवरच्या खोलीत.
प्लायवूडच्या दोन फळ्या, थर्माकोलच्या दोन टेकड्या,
मोठी आणि लहान.
खऱ्या टेकडीजवळून आता मेट्रो वळते,
वरून कुणी तिच्यावर नेम धरत नाही.

कंपनीची पलटण सोपी.
पुस्तकांत सगळं आहे :
कोटाचा लाल, कॉलरचा वेगळा,
बटणं किती, सुटी की जोडीजोडीने.
आइसक्रीमच्या काड्यांवर चिकटवून ओळीने चाळीस जण
दोन रात्रींत उरकले.

मग भोसल्यांची माणसं.
अंगरखा कुठल्या रंगाचा? पागोटं कसं बांधलेलं?
ग्रंथालयात विचारलं, संग्रहालयात विचारलं,
शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांना,
ज्यांची कवळी मीच केली होती.
ती नीट बसवून घेऊन ते म्हणाले,
"बटणं मोजायला आपल्याकडे
वेळ कुणाला होता?"

तर मग अंदाज.
पाचपावलीतला आमचा माग मोडीत गेला
तेव्हा मागे राहिलेला बोटभर दोरा,
त्याचा रंग एकाच्या शेल्याला.
इतवारीत मिरचीची पोती उचलणाऱ्याचं धोतर एकाला.
एकाला दामदेवचा उजवीकडे झुकलेला खांदा.

दामदेव पौषात गेला.
कंपनी नेहमी तोच घ्यायचा :
"आपल्याले हरायची सवय नाही बे."
त्याचे पंचवीस जण
बुटाच्या खोक्यात माझ्याकडे आले,
कोट रंगवलेले, बटणंसुद्धा,
चेहरे नुसत्या राखाडी अस्तराचे.

काल ते काढले. मद्रासकडचे शिपाई हे,
बटणांची नोंद आहे, यांची नाही.
कातडीच्या रंगाची बाटली उघडली
आणि हात थांबला :
हीच ती, इकडच्यांना लावलेली.
थेंबभर पिवळा कमी-जास्त, एवढंच.
दुसरी बाटली दुकानात मिळतच असेल,
मी आणलेली नाही.

डोळे शेवटी.
पांढरा रंग डोळ्यांना चालत नाही,
माणूस दचकल्यासारखा दिसतो.
दातांच्या पट्टीवरचा ए-तीन लागतो,
खर्रा खाणाऱ्याच्या दातांचा.
मग श्वास धरून काळा ठिपका,
मोहरीच्या सालीएवढा.
इथे घड्याळाची टिकटिकही नडते.

बावीस जण समोर बघतात.
दोघांना झोप आलीय असं वाटतं,
असू दे, रात्रभर चालून आले असतील.
पंचविसाव्याला ठिपका घसरला.
बंदूक पुढे, मान पुढे,
आणि नजर बाजूला, टेकडीच्या उताराकडे.

ओला ब्रश हातात होता,
पुसता आलं असतं.
दामदेव असता तर म्हणाला असता,
"हा भैताड पळायले रस्ता पाहून राहिला."

खोक्यात एकच फोम आहे.
त्यात भोसल्यांच्या माणसांशेजारी
एक खाच रिकामी होती.
त्याला तिथे ठेवला,
आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.