डेड स्टॉक

इंदूरला, रामबागेतल्या कॉलेजात
भौतिकशास्त्राचं स्टोअर सत्तावीस वर्षं माझ्याकडे होतं.
लाल बाइंडिंगचं डेड स्टॉक रजिस्टर,
वाळवीने अर्धंअधिक वाचलेलं.

बिडवाई मॅडमना वर्षाला साडेतीनशे मंजूर व्हायचे.
तेवढ्यात धड लोलक येत नसे.
मग रिकाम्या टेबलाभोवती पोरं उभी करायच्या
आणि म्हणायच्या, समजा.

समजा, लिफ्टचा दोर तुटलाय.
आतल्या माणसाच्या हातून किल्ल्या सुटतात
आणि पायाशी पडतच नाहीत.
सियागंजातल्या हमालाचा बळीराम म्हणाला,
मग त्याला कळतं कसं, आपण पडतोय?
मॅडमनी खडू खाली ठेवला.
खुर्चीत बसल्या बसल्या एका कारकुनाला हेच सुचलं होतं, म्हणाल्या,
तेव्हापासून वजन पहिल्यासारखं राहिलं नाही.

कारकून!
मी कपाटाआडून कान दिला.

उजेडाच्या बरोबरीने सायकल हाणणारा पोरगा.
दोन डब्यांमधल्या फटीत बसलेलं भूत,
चपळ रेणू इकडे, मंद तिकडे,
फुकटात एक डबा तापवणारं
(आमच्या मेसला हवं होतं).
शंभर वर्षं लोक त्या भुताचा हिशेब तपासत राहिले,
तेव्हा चूक सापडली:
भुताला विसरावंही लागतं,
आणि विसरणं फुकट होत नाही.

मी हे सगळं रजिस्टरात चढवलं.
लिफ्ट, दोर तुटलेली, नग एक, किंमत शून्य.
भूत, नग एक.
मांजरापाशी अडलो.
पेटी बंद, आतलं कुणी पाहिलेलं नाही.
डेड स्टॉकात घ्यावं, का न घ्यावं?
पेन्सिलीने लिहून ठेवलं.

ग्वाल्हेरहून ऑडिटचे खांडेपारकर आले.
पोहे-जिलबी झाली, रुमालाला बोटं पुसून म्हणाले,
प्रत्यक्ष पडताळणी.
लिफ्ट दाखवा.
मॅडमनी टेबलाकडे हात केला.
त्यांनी शेरा मारला, वस्तू आढळल्या नाहीत.

मग कपाट नंबर सात.
जर्मन स्पेक्ट्रोमीटर, किल्ली बावीस वर्षं गहाळ.
आत आहे ना?
आहे, मी म्हणालो.
न उघडता त्यांनी बरोबरची खूण केली.
मॅडम खिडकीकडे वळून हसल्या,
खांदे हलताना दिसले.

किल्ली तेव्हाही माझ्या खिशात होती.
आतमध्ये जर्मन काच असेल, नाहीतर उंदरांचं बिऱ्हाड.
चार्ज देतानाही दिली नाही.

आता दुपारी ओट्यावर बसून
कधीतरी ती वर उडवतो.
हातात परत येईपर्यंत
तिला वजन नसतं.