अकरा महिने

इमारत टेकडीला टेकून उभी आहे,
म्हणून पुढून मोजला तर तिसरा मजला,
मागून मोजला तर तळमजला.
भाडं पुढून मोजलेलं.

हे सांगून एजंट गजरे स्वतःच हसला.
सुतारदऱ्याच्या चढावर त्याची स्कूटर
दोनदा बंद पडली होती
आणि मी उतरून चालत आले होते.
तरी त्याचं म्हणणं, बसस्टॉप पाच मिनिटांवर.
असेल, उतरताना.

हा सातवा फ्लॅट.
आधीच्यांनी विचारलं होतं, मिस्टर कुठे असतात?
धायरीत चेअरमननं विचारलं,
आंबेगावात तर वॉचमननंच.
वारज्यात कुणी काही विचारलं नाही,
फक्त दुसऱ्या दिवशी फ्लॅट ‘गेला’ होता
आणि ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी
पुढचे तीन आठवडे गॅलरीत लटकत होती.
कामावर जाता-येता मी तिच्याकडे बघून मान डोलवायचे,
ओळखीच्या माणसाकडे बघून डोलवतात तशी.

पोंक्षेबाई वरच्याच मजल्यावर राहतात.
वय ऐंशी, चष्मा दोरीला.
त्यांनी विचारलं, खिळे किती ठोकणार?
मी म्हटलं, एक.
कशासाठी?
घड्याळ लावायला.
घड्याळ टेबलावरही चालतं, म्हणाल्या,
आणि चहा टाकायला उठल्या.

करारासाठी मशीन घेऊन मुलगा घरी आला.
अंगठा ठेवा.
लाल दिवा.
पुसून ठेवा. कपाळाला घासून ठेवा.
लाल.
काय काम करता मॅडम?
बाइंडिंग. शनिवार पेठेत, बावीस वर्षं.
खळ, सरस, पुठ्ठा, कागदाच्या कडा,
हजारो वह्यांच्या पाठीवरून फिरलेला अंगठा
मशीनला कोराच दिसत होता.
मला उगाच चोरी सापडल्यासारखं झालं.

मग बाईंची पाळी.
त्यांचाही लाल.
मुलगा केबल काढून परत लावत बसला.
बाई स्वतःच्या अंगठ्याकडे
चष्म्याच्या खालून, मग वरून बघत राहिल्या.
कोर्टाबाहेर टायपिंग केलं छत्तीस वर्षं, म्हणाल्या,
हेच, असलेच भाडेकरार.
‘सदरहू मिळकत’, ‘उभयपक्षी’, ‘खाली करून देण्याचे’.
बाकीच्या बोटांना अक्षरं होती.
अंगठ्याला एकच काम,
दोन शब्दांमध्ये जागा सोडायची.

हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत.
चहावर साय धरली होती.

शेवटी माझी करंगळी चालली
आणि त्यांची अनामिका.
मुलानं सुटकेचा श्वास टाकला, सातशे रुपये जास्त घेतले.
गजऱ्यानं एक महिन्याचं भाडं घेतलं
आणि जाताना म्हणाला, बघा, म्हटलं नव्हतं का,
मागून तळमजला आहे, लिफ्टची कटकट नाही.

सामान फार नव्हतं.
शिवणयंत्र, दोन ट्रंका, कटिंगचा पाट,
आईच्या हातची एक गोधडी.
टेम्पो चढावर रिव्हर्समध्ये आणावा लागला,
तेवढा वेळ गोधडी मी मांडीवर धरून बसले.

पहाटे जाग आली ती पायांच्या आवाजानं.
मागच्या खिडकीच्या चौकटीत
टेकडीवर निघालेल्यांचे नुसते बूट जात होते,
पांढरे, मळके, एका पायात वेगळीच नाडी.
एक कुत्रं थांबलं,
माझ्या ओट्यावरच्या पातेल्याकडे बघून पुढे गेलं.
त्याच्यापेक्षा मी खाली होते,
आणि पुढच्या गॅलरीत गेले तर
सगळं कोथरूड माझ्यापेक्षा खाली,
दिवे अजून विझायचे होते.

भिंती पुसताना दाराच्या मागे हाताला लागला
एक खिळा, भिंतीच्याच रंगात रंगवलेला.
आधीचं कुणीतरी. किंवा त्याच्याही आधीचं.
घड्याळ तिथे टांगलं.

चौथ्या दिवशी पोंक्षेबाई आल्या, मेथीची जुडी घेऊन.
दार लावताना त्यांना दिसलं.
जुनाच ना हा?
जुनाच.
बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या,
पाच मिनिटं पुढे आहे.