शटरच्या आतलं माप

शोरूममधल्या पोरीनं कागदी कपात चहा दिला
आणि म्हणाली, सर, बसून तर बघा.
बसलो.
सीटवरचं प्लॅस्टिक मांडीखाली करकरलं.
टॉवेलचा कोरा गठ्ठा सोडला की खळीचा वास येतो,
तसला काहीतरी वास. नव्याचा.
बाहेर होटगी रोडवर बेचाळीस डिग्री,
आत कानाशी गार वारा.
आठ लाख सत्तर. ऑन रोड.
रोडवर चाक टेकलं की त्यातले लाखभर गेलेच समजा,
हे मुनाफनं आधीच सांगून ठेवलेलं.

मुनाफ बागवानच्या सतरा गाड्या
अक्कलकोट रोडला उन्हात उभ्या.
"सिंगल हँड. डॉक्टरची होती."
सोलापुरात विकायला निघालेली प्रत्येक गाडी
कुठल्यातरी डॉक्टरचीच असते.
मी बोनेट उघडलं नाही, त्यातलं मला कळत नाही.
डोळे मिटले, डाव्या दारावरून हात फिरवला.
तीस वर्षं तुटका धागा लाइट गेलेल्या शेडमध्ये
शोधलाय या बोटांनी.
हँडलच्या खाली वीतभर, रंग जरा जाड.
"इथं रफू आहे," म्हणालो.
मुनाफ हसला,
मग हसायचा थांबला,
मग बारा हजार कमी केले.

श्रीकांतचा पुण्याहून फोन:
नान्ना, विकत कशाला घेताय? लीज करा.
महिन्याला भरायचे, चार वर्षांनी परत द्यायची,
दुरुस्ती त्यांची, विमा त्यांचा, डोक्याला ताप नाही.
मी हं म्हणालो.
हं म्हणताना वडील दिसले, साखर पेठेत,
शेठच्या मागावर.
माग शेठचा, सूत शेठचं,
डोक्यावरचा बल्बसुद्धा शेठचा,
खोकला तेवढा स्वतःचा.
हे पोराला सांगितलं नाही.
त्याचा हिशेब मी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं
दोनदा करून बघितला.
बरोबर आहे.

भाग्यलक्ष्मी या सगळ्यात अवाक्षर बोलली नव्हती.
जूनच्या शाळांचे गणवेश अंगावर आलेले,
तीनशे विजारी मोहोळला पोचवायच्या,
टेम्पोवाला दर फेरीला भाव वाढवून सांगतो.
रात्री साडेदहाला मशीनवरून उठली,
गळ्यातला टेप काढला. "चला."

खाली शेडमध्ये गेलो.
दोन्ही माग दिवाळीच्या आधी भंगारात गेले, किलोवर.
त्यांच्या जागी शहाबादीवर तेलाचे दोन काळे डाग.
सोडा टाकला, ब्रश मारला, हलले नाहीत.
तिनं टेपचं टोक माझ्या हातात दिलं.
"भिंतीला धरा. सैल नको."
टेप पाच फुटी, तीनदा लावावा लागला.
दर खेपेला खडूची रेघ,
पाचवीतल्या पोराच्या विजारीला मारते तशी, एका झटक्यात.
शटरपर्यंत बारा फूट दोन इंच.
नवी तेरा फूट एक.
मुनाफची अकरा-चार.

"नवीचं नाक बाहेर राहतंय की.
गल्लीतली पोरं बसतील त्याच्यावर."
"आणि ती भाड्याची?"
"ती किती फुटी, ते तुमच्या लेकाला विचारा."

मग खडूच्या चौकोनात जाऊन बसली,
डावीकडे, जिथं सीट येईल असं तिला वाटलं तिथं.
पदर सावरून, समोर बंद शटर.
मी उजवीकडे बसलो.
फरशी अजून दिवसाची तापलेली,
बरोबर डागावर बसलो होतो, ते नंतर कळलं.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं.
माझे हात कधी वर आले, गोल काही धरल्यासारखे,
मलाच समजलं नाही.

"हळू घ्या," ती म्हणाली,
"कोपऱ्यावर गटार उघडं आहे."