पी

लक्ष्मीनगरच्या भाजीबाजारासमोर
मी ब्रेक दाबला, गाडी सुरू केली,
आणि गियरचा दांडा पी वरून हलेना.
मागचा ऑटोवाला हॉर्नवर झोपलेला,
सीटवर सांभाराची जुडी मान टाकत चाललेली,
मे महिना, सकाळचे अकरा, पारा पंचेचाळीस.
अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन काढणारी बाई,
असं कोणी म्हणायच्या आत मीच म्हणून घेतलं.

टेकचंद पराते आला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून.
"काकू, ब्रेक दाबा न. पुरता दाबा."
मागे जाऊन पाहून आला.
"लाइट तर लागून राह्यले."
मग दांड्याजवळ कान नेला,
तापलेल्या पोराच्या छातीशी न्यावा तसा.
"दाबा. सोडा. दाबा.
इथं टक् वाजाले पायजे.
सोलेनॉइड गेलं तुमचं."

तीन दिवसांनी पार्ट आला. चुन्याच्या डबीएवढा.
आत तांब्याची तार, मधोमध एक खिळा.
ब्रेकवर पाय पडला की खिळा आत ओढला जातो,
दांडा सुटतो. पाय नसेल तर नाही.
एवढीच त्याची नोकरी.

मानेवाड्याच्या गॅरेजात हेही आले होते,
प्लास्टिकच्या खुर्चीवर, कूलरच्या तोंडाशी.
टेकचंदनं मधला खोका उचकटला.
स्क्रू बाटलीच्या झाकणात.
खाली सापडलं ते असं: दोन संत्रागोळ्या,
टोलची पावती, दिवाळीत हरवलेलं माझं टिकल्यांचं पाकीट.
आणि दांड्याशेजारी एक इवलंसं झाकण,
झाकणाखाली भोक,
भोकाभोवती ओरखडे. नवे, जुने, चकचकीत, शेकडो.

"कोणीतरी चावी खुपसून गाडी काढून राह्यलं होतं, काकू.
सात-आठ महिने तरी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं.
हे कूलरकडे.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी
जुन्या स्कूटरची चावी मुठीत धरून
हे दांड्यापाशी वाकायचे, क्षणभर.
मला वाटायचं, नमस्कार करतात.
टेकडीच्या गणपतीपुढेही ज्यांनी कधी हात जोडले नाहीत!
वर्ध्याच्या बहिणीला मी फोनवर सांगितलंसुद्धा,
रिटायर झाल्यापासून माणूस बदलला गं.

"सांगितलं का नाही?"
"चालत होती न."

चौतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत
ह्यांनी सगळं असंच चालवलं.
डावा कान तिथल्या प्रेसनं नेला,
उजवा अर्धा. तोही चालतो म्हणतात.

नवं बसलं. मी ब्रेक दाबला. टक्.
टेकचंद हसला, मी हसले,
हे आमच्या तोंडांकडे पाहत राहिले.
तेव्हा त्या पोरानं
ऑइलनं काळ्या हातानं ह्यांचा हात धरला,
दांड्यावर ठेवला.
"दाबा आता, काकू."
दाबला.
ह्यांच्या भुवया वर गेल्या.
"हो," म्हणाले, "आहे."

पैसे मी दिले. हे घासाघीस करायच्या आत.
"जुनं द्या," एवढंच ह्यांनी मागितलं,
आणि मेलेलं सोलेनॉइड सदऱ्याच्या खिशात टाकलं.

परत येताना गाडी मीच चालवली.
छत्रपती चौकात सिग्नल लाल झाला
आणि ह्यांनी आपल्या बाजूच्या मॅटवर
पाय करकचून दाबला, जिथे काहीच नाही.
मी माझ्या बाजूनं दाबला.
गाडी थांबली. हे जरासे पुढे गेले,
आणि खिशातलं जुनं सोलेनॉइड
स्कूटरच्या चावीवर आपटलं.

टक्.