उणे ऐंशी

तिसऱ्या मजल्यावरचा फ्रीजर आज रिकामा करायचाय.
तुओवीने जाड हातमोजे आणलेत,
एक जोडी माझ्यासाठी.
बाहेर आउरा नदी घट्ट, पांढरी.
दुपारचे तीन, आणि दिवस उरकलेला.

खण ओढला की धूर येतो. धूर नव्हे, थंडी.
ती एकेक नळी उचलते, अंगठ्याने बर्फ पुसते,
अक्षर बघून माणूस ओळखते.
"हा ओस्मो. याचा सात नेहमी एकासारखा.
त्या एका सातापायी आपला अख्खा मार्च गेला, काउको."
"ही मार्केत्ता. बघ, तारखेसोबत वेळही लिहायची."
मग नळी पिवळ्या पिशवीत.
टक्.

मी शास्त्रज्ञ नाही. मी पेशी सांभाळतो.
सोमवारी आणि गुरुवारी खायला घालायचं,
दाटी झाली की थोड्या नव्या बशीत काढायच्या,
घरी विलीचं विरजण लावतात तसं:
कालच्या वाटीतला चमचा आजच्या दुधात.
या पेशी नांतालीच्या एका बाईच्या.
ती जाळी सांधायची, एवढं डॉक्टर बोलून गेला होता.
नोंदवहीत नाव नाही. टी-चौदा, वय त्रेपन्न, डावा स्तन.
बाई त्र्याण्णव साली नाताळात गेली.
पेशी वाढताहेत.
त्यांच्यामुळे मला एकाही नाताळात पूर्ण सुट्टी नाही.

तुओवीचं आयुष्य एका प्रथिनात गेलं.
खरं तर त्यातल्या एका सेरीनवर,
दोनशे अकराव्या.
तिथे फॉस्फेट बसलं की पेशी थांबते,
निघालं की सुटते मोकाट,
असं तिने दाखवलं आणि जग मान डोलावत राहिलं
अकरा वर्षं. अनुदानं आली. लिस्बनला भाषण झालं,
निळा कोट तेव्हाच घेतलेला.

मग एका रात्री, ज्या पेशींतून
ते प्रथिन आम्ही मुळासकट काढलं होतं,
त्यांच्याही फिल्मवर काळी पट्टी उमटली.
ठळक. नेहमीच्याच जागी.
प्रतिपिंड भलत्यालाच धरत होतं.
अकरा वर्षं आम्ही एकाला हाक मारत होतो
आणि ओ देत होता शेजारी.

मी तिथेच होतो, बाटल्या धूत.
ती म्हणाली, परत करू. केलं. परत करू.
सातव्यांदा तिने फिल्म चिकटपट्टीने खिडकीला लावली
आणि कॉफी करायला गेली.
कुणाला कळलं नसतं. ओस्मो तसं म्हणालाही,
हळू आवाजात. त्याने नुकतंच घर घेतलं होतं.
पत्र तिनेच लिहिलं. चार ओळी.
"आमचा निष्कर्ष टिकत नाही."
आधी फिनिशमध्ये, मग इंग्रजीत.
म्हणाली, घरच्या भाषेत लाज नीट मोजता येते.

दोन खोल्यांची एक झाली.
ओस्मो औषध कंपनीत गेला, नाताळला कार्ड पाठवतो.
निळा कोट ती बाजारहाटाला घालू लागली.
आणि पुढची सतरा वर्षं
तिने त्या शेजाऱ्याची चौकशी केली:
तू कोण, आणि ओ का दिलीस?
छोटे छोटे निबंध. कुणी फोन केला नाही.
औलूची एक डॉक्टर तेवढी केली होती, मागच्या वर्षी,
की तो शेजारी ज्यांच्यात जागा असतो
त्यांना एक औषध आता ती देत नाही.
न देण्याला बक्षीस नसतं.
तुओवीने फोन ठेवला आणि मला विचारलं,
टी-चौदाला आज खायला घातलंस?

सगळ्यात खाली, बर्फात रुतलेली,
त्या प्रतिपिंडाची शेवटची नळी.
अक्षर तिचंच, तरुण, उजवीकडे झुकलेलं.
पिवळी पिशवी मी उघडी धरली.
तिने हातमोजा काढला,
नळी कोटाच्या खिशात टाकली
आणि जिन्याकडे गेली.
खिशावर हळूहळू ओला डाग पडत होता.

मी प्लग काढला.
थोड्या वेळाने फ्रीजर किंचाळू लागला,
त्याला वाटलं, आत काहीतरी नासतंय.
मी बटण दाबलं.
तो पुन्हा किंचाळला.