दोन सेकंद

सावद्याच्या केळी-गटाच्या ऑफिसात
कीबोर्डखाली एक वही असते, दोनशे पानी,
रिटायर झालेल्या फिरकेनानांची.
पहिल्याच पानावर: ‘पुसायच्या आधी
छापून बघ, काय काय पुसलं जाणार.’
खाली वेगळ्या शाईत: ‘हे मी उशिरा शिकलो.’

मी ती माऊसपॅड म्हणून वापरायचो.

मग हेमलता बऱ्हाटेंचं पेमेंट तीनदा परत आलं
आणि पान चौदा उघडलं:
‘नावाच्या मागे एखादी रिकामी जागा चिकटलेली असते.
दिसत नाही. ट्रिम कर.’
केलं. पैसे गेले.

तारखेच्या पानावर केळीच्या चिकाचा काळा डाग.
‘वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.
नाहीतर पाच जूनची कापणी
सहा मेला जाऊन बसते.’

वजनकाट्याच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती,
sleep 2
अन् तिच्या शेजारी: # काढू नको रे भो.
कारण वहीत कुठेच नाही.
मी शहाणा. काढली.

दिल्लीचा ट्रक काट्यावर चढला, इंजिन चालूच.
बारा टन नऊशे चाळीस.
पुन्हा दाबलं, तेरा टन एकशे दहा.
पुन्हा, बारा आठशे सत्तर.
ड्रायव्हर तिन्ही पावत्या हातात धरून म्हणाला,
‘भैया, इसमें से मेरी कौन सी?’

ओळ परत घातली.
आकडा थरथरला, थरथरला,
बसला.

वहीची शेवटची पानं कोरी आहेत.
रात्री एकावर लिहिलं:
‘ट्रक उभा राहिला तरी आतला माल
थोडा वेळ अजून रस्त्यावरच असतो.’
खाली तारीख.
वर्ष आधी.