ळ नसलेला निकाल

निकाल अरबीत आहे, उजवीकडून डावीकडे.
टायपिंग सेंटरच्या शाजीने पानाला साठ दिरहम घेऊन
तो इंग्रजीत आणून दिला.
अबरा सुटेपर्यंत, देराच्या कठड्याला टेकून
मी तो मनात मराठीत लावला.

काळसेकरचा कालसेकर झालोय मी त्यात.
अरबीला ळ नाही.
इतक्या भांड्यांतून ओतताना काहीतरी सांडणारच.
बाकी सगळं शाबूत:
नोटीस व्हॉट्सॲपवर दिली, नोटरीमार्फत द्यायला हवी होती,
सबब दावा फेटाळला.
भाडेकरू राहील. भाडं जुनंच. खर्च वादीवर.
वादी म्हणजे मी.

एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मार्बलचे फूट मोजले
तेव्हा कुठे चारशे ऐंशी माझे झाले.
घर पाहावं बांधून, म्हणतात.
भाड्याने देऊन पाहावं, असं कुणी म्हणालं नव्हतं.
आणि मी राहतो शारजात, प्लायवूडच्या पार्टिशनमागे,
शेजारच्याच्या अलार्मने उठतो.

सुरंगाला फोन केला. निकाल लागला, म्हटलं.
"आपल्या बाजूने?"
"नुसताच लागला गं."
ती थोडं थांबली. "बरं. मग पडदे शिवायला टाकत नाही."

शुक्रवारी बशीरसाहेबांचा मेसेज:
एसी ठिबकतोय. दुरुस्ती मालकाकडे. पान तीन.
माणूस सुदानी, शाळेत भूगोल शिकवतो,
पानं पाठ असतात त्याला.

दारात मी चपला काढल्या,
माझ्या दारात, त्याच्या पायपुसण्यावर.
स्वयंपाकघराची भिंत हिरवी केलीय, न विचारता.
हॉलमध्ये खार्टूमचा नकाशा, एका गल्लीभोवती लाल गोल.
"हे माझं," तो म्हणाला.
"त्यात कोण राहतं आता?"
त्याने खांदे उडवले.
मी स्टुलावर चढलो, बादली त्याने धरली.
अर्धा तास आम्ही दोघं एकाच पाण्याखाली.

रात्री खोलीवर आलो तर
मालकाचा, दापोलीच्या मुकादमचाचांचा, व्हॉट्सॲप:
*एक तारखेपासून दोनशे वाढीव,
नायतर खोली खाली करा.*

दोनदा वाचला.
खाली शिक्का शोधला. नव्हता.
मग बिछान्यावर बसून
भिजल्या बाहीनेच उत्तर लिहिलं:
चाचा, नोटरीकडून पाठवा.
खाली पूर्ण नाव घातलं,
ळ सकट.